निरोगी म्हणून ठेवलेला मेंदू

माँट्रियल, मंगळवार

प्रिय फेर्नां,

तुझं पत्र वाचून हसले. म्हणे, "हल्लीचे कपच साले गुळगुळीत, हातात ठरत नाहीत!" बाबांचे गुडघे कसे आहेत? मी बरी आहे, जेवते नीट.

कामाचं विचारलंस. गोठवलेल्या मेंदूचे पातळ काप करून काचांवर लावते. त्यांना किंचित किरणोत्सर्गी औषध लावलं की ते रिसेप्टरना, म्हणजे औषध पकडणाऱ्या जागांना, चिकटतं आणि फिल्मवर तिथं काळं उमटतं. आपल्या आईच्या आजारात तिथं पांढरंच राहतं. तुलनेला शेजारी निरोगी मेंदूचा काप ठेवतो.

परवा निरोगीच पांढरा निघाला. अपघातात गेलेला ट्रक ड्रायव्हर, तुझ्याच वयाचा. साहेब ओरडले, "ओदील, काचांची अदलाबदल केलीस तू!" मी सगळं पुन्हा केलं. पुन्हा पांढरा.

साहेबांनी त्याच्या आईला फोन लावला. नवऱ्याला, म्हणजे पोराच्या वडिलांना, हाच आजार होता, हे तिनं लपवलं होतं. "पण पोरगा धडधाकट होता हो," म्हणाली. "जरा वेंधळा झालेला, हातातून वस्तू पडायच्या. आम्ही हसायचो."

तू तपासणी करून घे, असं मी म्हणणार नाही. उपाय नाही तर कळून करायचं काय, हे तुझं खरंच आहे. रिसेप्टरच गेल्यावर औषध चिकटणार कुठं?

बाबांना सांभाळ. त्यांना यातलं काही सांगू नकोस.

तुझीच,
ओदील

ता. क. पार्सलने स्टीलचे कप पाठवलेत. आईचे उरलेले वर ठेवून दे. दोन स्टीलचे मी माझ्यासाठीही घेतले.