सावलीचं माप

उर्लेश्ती, ३ मे १९३५
बुखारेस्टहून इथवर येताना हाडं खिळखिळी झाली. पण चर्चमध्ये पाऊल टाकलं आणि शीण पळाला. बुटकं, दगडी, पाचशे वर्षांचं. मागच्या भिंतीवर अख्खा न्यायाचा दिवस रंगवलाय: पीठ चोरणाऱ्या गिरणीवाल्याला सैतान जात्यासकट नरकात ओढतोय! त्यावरची मेणबत्त्यांची काजळी पावाच्या गराने पुसायची, हे माझं काम. भिंतीला तडा आहे, तो तनासे गवंडी बुजवेल. धर्मगुरूंच्या बायकोने, पारास्किवामावशीने, मक्याच्या पिठाची गरम मामालिगा वाढली. म्हणाली, आई नाही ना तुला? आजपासून मी आहे, पोरी. मला रडूच आलं.

९ मे
मावशी मला भरतकामाचा झगा शिवणार! उन्हात भिंतीशी उभं केलं आणि अंगाचं सोडून दोऱ्याने सावलीचंच माप घेतलं. मी हसले, तर म्हणाली, तू कुठे एका जागी ठरतेस, भवाने! दोरा लाल. लालच खुलेल म्हणे मला. तिची लेक सफ्ता खिडकीतून बघत होती. बोलावलं तरी उन्हात येईना.

१७ मे
तडा बुजला. या खेपेला भिंत धरेल, म्हणतात. मला थकवा फार. बायका मला बघून रस्ता बदलतात.

२५ मे
आवारात कुंपणाची सावली काळीभोर. माझी फिकट. झग्याचं विचारलं, तर मावशीने विषय बदलला.

२९ मे
तनासे पिऊन बरळला. जिवंत माणसाच्या सावलीचं माप भिंतीत चिणलं की भिंत उभी राहते, माणूस मात्र झिजून मरतं. दोरा मावशीनेच आणून दिला.
जाब विचारला. तिने नाकारलं नाही. मग काय सफ्ताचं माप दिलं असतं, पोरी? एवढंच म्हणाली आणि दुधाचा पेला पुढे केला. याच हातांनी रोज माझी वेणी घातली. केसाने गळा कापला माझा.

३१ मे
सावली जेमतेम गुडघ्याएवढी. पळून काय उपयोग, दोरा इथेच आहे. चर्चचं दार आतून लावलंय. गिलावा फोडतेय — भिंत पडली तर पडू दे, चित्रासकट —

दुपार
सापडला. ओढला तर मागून दुसरा. तिसरा. अजून — किती वर्षांचे कोण जाणे, पण सगळे नव्यासारखे लाल. लालच खुलेल, प्रत्येकीला म्हणाली असेल. वरून चुना गळतोय. बाहेर मावशी हाका मारतेय, जेवायला चल गं, पोरी.
यातला माझा कुठ—