भाड्याचा मंडप

अप्पा, परवा पुन्हा एकाने मला ऐकवलं की तुमच्यासारखा प्रेमळ बाप कन्नड पडद्यावर दुसरा झाला नाही. मी हसले. या वयात माणसांना हसून वाटेला लावता येतं.

तरुणपणी हुबळीकडच्या नाटक कंपनीत तुम्ही खलनायक होतात. केस पांढरे झाले आणि सिनेमाने तुम्हाला बाप करून टाकलं. मी, तुमची खरी मुलगी, पेणला शिक्षिका असलेल्या आईजवळ. तुम्ही यायचात दिवाळीला आणि मे महिन्यात, तेही शूटिंग नसलं तर. तुमची भाषा मला कधी शिकवली नाहीत. "इंग्रजी शीक, कुठेही उपयोगी पडेल," म्हणालात आणि नन्सच्या शाळेत घातलंत. ते इंग्रजी कुठे उपयोगी पडलं, ते ऐका.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. लग्न होऊन मी रोह्याला आले त्याला दोनेक वर्षं झाली होती. माझ्या लग्नाला तुम्ही नव्हतात. शूटिंग असल्याची तार आली आणि कन्यादान मामाने केलं. रविवारी दुपारी टीव्हीवर इतर भाषांतले सिनेमे लागायचे, खाली इंग्रजी ओळी. तुमचा लागणार म्हणून आई मुद्दाम पेणहून आली. शेजारच्या काकू सुनांना घेऊन आल्या. आमचे हे कंपनीत शिफ्टला. त्या भरभर जाणाऱ्या ओळी वाचणारी घरात मी एकटी, म्हणजे तुम्ही बोलणार आणि मी मराठीत सांगणार.

शेवटी मंडप येतो. मुलगी सासरी निघते. तुम्ही रडताय. "काय म्हनतो गो तुझा बापूस?" काकू विचारतात. मी वाचते, "तू गेल्यावर मला घरी यायला कारण काय उरलं?" आई एकदम माझ्याकडे बघते. "घरी? असं म्हणाले?" मी म्हणते, "हो, तसं लिहिलंय." काकू डोळे पुसता पुसता म्हणतात, "कसा रडतो गो! तुझ्या लग्नात तर दिसला नाय."

तेवढ्यात तुम्ही त्या मुलीची बट करंगळीने तिच्या कानामागे सारलीत.

अप्पा, ती करंगळी माझी होती. पेणच्या स्वयंपाकघरात पोह्याच्या पापडाचं पीठ मळताना तुमची बाकीची बोटं चिकट असायची, म्हणून तुम्ही करंगळीने माझे केस मागे करायचात. शेजारी आई लाटत बसलेली, उन्हाळ्याची सुट्टी, मी नऊ-दहा वर्षांची. सिनेमात तुमचे हात स्वच्छ होते. मग करंगळीच कशाला? ज्यांना ठाऊक होतं त्या आम्ही दोघीच, आणि दोघीही तिथेच बसलेल्या. आई उठून चहा ठेवायला गेली. पातेल्यातलं पाणी आटेपर्यंत बाहेर आली नाही.

पुढे पावसाळ्यानंतर तुम्ही रोह्याला आलात तेव्हा मी विचारलं. तुम्ही खूश झालात. "मंडपाचा सीन ना? एका टेकमध्ये ओके! तुझ्या लग्नाच्याच आठवड्यातला. म्हणून तर जमला." केवढ्या अभिमानाने! जणू मला आहेरच दिलात. मी म्हटलं, "मग रडायला पेणला का नाही आलात?" तर म्हणालात, "मंडप भाड्याचा होता गं, लगेच उतरवायचा होता." "माझाही भाड्याचाच होता, अप्पा," मी म्हटलं. तुम्ही चहात बिस्किट बुडवलंत आणि म्हणालात, "तुझी जीभ मात्र नन्सनी चांगली परजलीय."

त्यानंतर थोड्याच वर्षांत तुम्ही गेलात. तिकडे अनोळखी बायका तुम्हाला अप्पा म्हणून ओक्साबोक्शी रडत होत्या. मी डोळे कोरडे ठेवून उभी राहिले. माझ्या वाटचं तुम्ही आधीच एका टेकमध्ये उरकून टाकलं होतं. आईनेही तो सिनेमा पुन्हा कधी बघितला नाही. पापड मात्र ती शेवटपर्यंत करत राहिली.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? कपाटातच राहील. पण एक सांगून टाकते. तो प्रसंग आता मोबाइलवर सापडतो. दुपारी घरात कुणी नसलं की मी लावते. तुमची करंगळी वर येते तेव्हा त्या मुलीच्या चेहऱ्यासमोर अंगठा धरते. काचेला टेकला तर चित्र थांबतं, म्हणून जरासा वरच.