डावा गाल

२३ मार्च, शुक्रवार
आजपासून झिहनी उस्ताच्या सलूनशी संबंध संपला. एकतीस वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच्या खुर्चीत बसलो. आज त्याने दाढीचा दर दहा लाखांवरून पंधरा लाख लिरा केला; आपला तुर्की लिरा कितीही घसरला तरी हे जास्त. मी कारण विचारलं, तर भर दुकानात, 'बे' म्हणजे 'साहेब' असा मान लावून म्हणाला, "नेजदेत बे, तुमचे गाल वाढलेत. साबण जास्त लागतो." सगळे हसले. मी शांतपणे उठलो. उजवा गाल झाला होता, डाव्याला फेस होता. तसाच घरी आलो, मागच्या गल्लीने. ती जवळ पडते.
रागावलेलो नाही. यापुढे दाढी घरी. फक्त साबणावर किती खर्च करायचा ते ठरवायचं आहे. उद्या दुपारपर्यंत ठरेल.

२४ मार्च, शनिवार
शुक्रान म्हणते, "अहो, माझ्या भावाच्या कारखान्यातला ऑलिव्हचा साबण पेटीभर पडलाय, तो फासा की." तिच्या माहेरच्या, एडरेमितच्या बायकांना वाटतं, जगातला कुठलाही प्रश्न ऑलिव्हच्या साबणाने सुटतो. माणसाची त्वचा आणि न्हाणीघराची फरशी यांतला फरक तिला समजावून सांगितला. ती फरशी धुवायला निघून गेली.
सेझाईच्या दुकानात तीन साबण आहेत. एक कांडी, साडेचार लाख. झिहनी हीच वापरतो. दुसरा मधला, पंचवीस लाख. तिसरा इंग्लिश, लाकडी वाडग्यातला, ऐंशी लाख. तिन्हींचा वास घेतला. तीस वर्षं जमीन नोंदणी कार्यालयात काढली; मोजणी केल्याशिवाय मी सही करत नाही.

२७ मार्च, मंगळवार
हिशेब पक्का. झिहनीकडे वर्षाला पंधरा कोटी साठ लाख जातात. इंग्लिश वाडगा सहा महिने पुरतो, म्हणजे वर्षाला दोन. बचत चौदा कोटी. साबण महाग घ्यावा, म्हणजे पैसे वाचतात. हे घरात कुणालाही खोडून काढता आलं नाही. तुंजाय हसला. मुलगा इंजिनीअर असल्यामुळे त्याला लगेच पटलं असावं.

२८ मार्च, बुधवार
वाडगा ब्याण्णव लाख झालाय! सेझाई म्हणाला, "डॉलर चढला, बे." मी म्हणालो, माझ्या गालांचा डॉलरशी काय संबंध? तत्त्व म्हणून परत आलो. भाव उतरेपर्यंत थांबणार.
चांगला साबण हाती येईपर्यंत चेहऱ्याला हात लावायचा नाही, असं ठरवलंय. डावी बाजू उजवीच्या तीन दिवस पुढे आहे. कॉफीहाउसमध्ये भिंतीकडे डावा गाल करून बसतो. खेळात माझे पत्ते दिसतात, पण इलाज नाही.

२ एप्रिल, सोमवार
अठ्ठ्याण्णव लाख. शेजारणीने शुक्रानला हळूच विचारलं, "तुमच्याकडे कुणी गेलं का गं?"

९ एप्रिल, सोमवार
घेतला. एक कोटी सहा लाख. निर्णय घाईत घेतला असं कुणी म्हणू शकणार नाही.
शुक्रानला चाळीस लाख सांगितले. तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि परत घातला. पैसे लग्नाच्या पाकिटातून घेतले, ज्यावर 'नवरदेवाची दाढी' असं लिहिलंय, त्यातून. दाढीचा पैसा दाढीवरच गेला. १३ मेला तुंजायचं लग्न. तोपर्यंत बचतीतून पाकीट भरून निघेल.
त्या पाकिटाची प्रथाच मला पटत नाही. लग्नाच्या सकाळी अंगणात सगळ्यांसमोर नवरदेवाची दाढी करायची, अर्ध्यात न्हाव्याने थांबून "वस्तरा चालत नाही" म्हणायचं, आणि मग बापाने खिशात हात घालायचा. याला खंडणी म्हणतात.

१० एप्रिल, मंगळवार
पहिली दाढी. एक तास दहा मिनिटं. तीन जखमा. साबण उत्कृष्ट आहे. फेस झाला नाही, कारण आमच्या नळाच्या पाण्यात चुना आहे आणि साबण इंग्लंडच्या पाण्यासाठी केलेला. उद्यापासून बाटलीचं पाणी.

१३ एप्रिल, शुक्रवार
बाटलीचं पाणी, कोमट करून. फेस थोडा आला, डोळ्यात गेला. दोन जखमा. प्रगती आहे.

१७ एप्रिल, मंगळवार
ब्रश बदलला. हा खर्च साबणाचा नाही, ब्रशचा आहे; वेगळा धरावा. कानाखाली एक लांब जखम. तुरटी घेतली. तीही वेगळी.
शुक्रान उशीची खोळ घेऊन आली आणि माझ्यासमोर धरून उभी राहिली. रक्ताचे डाग. मी म्हणालो, थंड पाण्यात भिजव. म्हणाली, "ऑलिव्हच्या साबणाने जातील."

२४ एप्रिल, मंगळवार
झिहनीच्या दुकानावरून गेलो. टपाल कार्यालयात काम होतं. टपाल कार्यालय दुसऱ्या टोकाला आहे, पण चालणं प्रकृतीला चांगलं. माझ्या खुर्चीत एक दुकानदार बसला होता. पाय पसरून! त्या खुर्चीचं डावं हातटेकण सैल आहे, हे त्याला कुणी सांगितलं असेल का?

२ मे, बुधवार
तुंजायने पेच टाकला. म्हणाला, "बाबा, माझी दाढी झिहनीकाकाच करणार. पहिल्यांदा केस कापले तेव्हा खुर्चीवर फळी टाकून त्यांनीच बसवलं होतं मला." मी म्हणालो, मग येऊ दे की त्याला. पण उस्ताला नवरदेवाच्या बापाने टॉवेल देऊन बोलवायचं असतं. टॉवेल आल्याशिवाय तो पाऊल टाकणार नाही. आणि माफी मागितल्याशिवाय मी टॉवेल देणार नाही.
तोडगा सुचवला: मुलाची दाढी मीच करतो, इंग्लिश साबणाने. तुंजायने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, स्वतःच्या गालावरून हात फिरवला आणि बाहेर गेला. शुक्रान म्हणाली, "पोराला लग्नाला उभं करायचंय, दवाखान्यात नाही. एवढा एकच मुलगा आहे आपल्याला. काय तो अहंकार धुवा त्या साबणाने." एकोणतीस वर्षांत ती माझ्याशी असं बोलली नव्हती. रात्री नीट जेवलो नाही. भाजीत मीठ कमी होतं.

८ मे, मंगळवार
बाजारात गेलो असताना योगायोगाने हातात नवा टॉवेल होता. झिहनी मशिदीत गेला होता, दुकान बंद. टॉवेल कडीला अडकवला आणि आलो. एक शब्द बोललो नाही, चिठ्ठी नाही. त्यामुळे याला माफी म्हणता येणार नाही.
संध्याकाळी शुक्रान हसतच बाजारातून आली. झिहनी टॉवेल खांद्यावर टाकून सगळ्या बाजारभर फिरतोय म्हणे.

१३ मे, रविवार
सगळं लिहून ठेवतो.
सकाळी अंगणात खुर्ची, ढोल, सनई. झिहनी आला, खांद्यावर माझा टॉवेल. माझ्याकडे पाहिलं नाही. मी मोठ्या मनाने इंग्लिश वाडगा पुढे केला. त्याने वास घेतला. "वा! कपड्यांच्या कपाटात ठेवा, बे," म्हणाला आणि खिशातून साडेचार लाखांची कांडी काढली.
तुंजायचा उजवा गाल झाला. वस्तरा थांबला. "चालत नाही!" पाहुणे हसले, टॉवेलवर नोटा टाकू लागले. शुक्रानच्या भावाने टाकल्या, शेजाऱ्याने टाकल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
पाकीट काढलं. बचत अजून त्यात पोचलेली नव्हती. आत जे उरलं होतं ते सगळं दिलं. झिहनीने एका नजरेत ते ओळखलं. एकतीस वर्षं माझा खिसा पाहतोय तो. वस्तरा हवेत धरून म्हणाला, "अजून चालत नाही."
ढोल थांबला. खिशात काही नव्हतं. शुक्रान ओठ आवळून उभी. तुंजाय अर्ध्या फेसात माझ्याकडे बघत होता, आणि मला लाज वाटली. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.
मग झिहनी म्हणाला, "मंडळी, पैसे पुरे झाले. या नेजदेत बेंचा डावा गाल माझ्याकडे सात आठवडे बाकी आहे. बाकी ठेवून पुढचं गिऱ्हाईक घ्यायची आमच्यात पद्धत नाही. तो झाल्याशिवाय वस्तरा चालायचा नाही."
दुसरी खुर्ची आणली, तुंजायच्या शेजारी. लग्नाला उशीर होऊ नये एवढ्यासाठी मी बसलो. त्याने बोटाने हनुवटी वर केली, जखमा पाहिल्या आणि पुटपुटला, "अरे देवा, काय करून घेतलंत हे." डावा गाल दोन मिनिटांत. कळलंसुद्धा नाही. लोक टाळ्या वाजवत होते. तुंजायने माझा हात धरला होता. डोळ्यांत पाणी आलं. फेस गेला असावा.

१४ मे, सोमवार
साबणाच्या प्रश्नाचा निकाल. सर्व पर्यायांचा अभ्यास करून सर्वांत उत्तम ठरलेला साबण: कांडी, साडेचार लाख. २४ मार्चलाच मी ती हातात घेतली होती, याची नोंद वर आहे. माझी निवड सहसा चुकत नाही.
वाडगा शुक्रानने लोकरीच्या कपड्यांत ठेवला. चाळीस लाखांच्या मानाने वास एक कोटीचा येतो, म्हणाली.
उद्या मंगळवार. झिहनीने दर अठरा लाख केलाय. नऊला जाईन. तो दुकानदार साडेनऊला येतो.