पेन्सिलीची खूण, शाईची सही

प्रिय हॅटी,

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. दोन ओळी होत्या, तारीख नव्हती. टपालाच्या शिक्क्यावरून एकोणीस डिसेंबर काढली. इकडे ओहायोत नऊ इंच बर्फ पडलंय. नऊ म्हणजे नऊ, पायरीवर पट्टी उभी करून मोजलं. हस हवं तर.

तुझी अकरावी संपत आली होती तेव्हाचा तो विषयांचा फॉर्म आठवतो? बारावीला प्रगत इंग्रजीचे दोन वर्ग होते, भाषा आणि साहित्य. दोन्ही एकाच तासाला, म्हणजे एकच घेता येणार होता. मुलांनी पेन्सिलीनं खूण करायची, पालकांनी शाईनं सही. तू साहित्यावर खूण करून फॉर्म टेबलावर ठेवलास. मी दोन्हींची माहितीपत्रकं तीनदा वाचली, चार कॉलेजांना फोन करून कुठल्या वर्गाला किती किंमत देतात ते विचारलं आणि आठवड्यानं तक्ता तयार केला. भाषेचं पारडं जड निघालं. दहावीत शाळा सोडून कारखान्यात लेथवर उभा राहिलेला, त्रिकोणमिती वाचनालयातल्या पुस्तकांतून शिकलेला माणूस मी. माझा तक्ता चुकेल कसा? "गोष्टी काय, घरीही वाचता येतात. त्याला वर्ग कशाला?" असं मी म्हणालो. तू म्हणालीस, "डॅड, सगळंच काही तुझ्या मायक्रोमीटरनं मोजता येत नाही." आणि तुझी आई, आजारपणामुळे तेव्हा दिवसभर सोफ्यावरच असायची, खांद्यापर्यंत पांघरूण ओढून, "वेंडल, तुला शाळेत बसायला मिळालं नाही म्हणून आता पोरीच्या बाकावर जाऊन बसतोयस होय?" आपण तिघंही हसलो. मग मी तुझी खूण खोडली, इतकी स्वच्छ की कागदावर वळही राहिला नाही. दुसऱ्या चौकोनात खूण केली आणि सही ठोकली. आईनं पांघरूण डोक्यावरून घेतलं. तिला दुखत असेल, असं मला वाटलं.

पुढच्या फेब्रुवारीत ती गेली. चर्चमध्ये तू तिच्याविषयी बोललीस, भाषेच्या वर्गात शिकवतात अगदी तसं: तीन मुद्दे, प्रत्येकाला दाखला, शेवटी समारोप. लोक माझा हात धरून म्हणाले, काय पोरगी आहे तुझी! मी ताठ उभा होतो. गाडीत बसताना तू विचारलंस, "मुद्देसूद झालं ना, डॅड?" मी म्हणालो, "चोख." तू खिडकीकडे तोंड फिरवलंस. त्याला येत्या फेब्रुवारीत अकरा वर्षं होतील. त्याच वर्षी मेमध्ये त्या वर्गाच्या परीक्षेत तुला पाचपैकी पाच मिळाले, आणि तो निकाल तू माझ्या जुन्या तक्त्यावर ठेवून गेलीस.

ऑगस्टमध्ये तिचं शिवणाचं कपाट हलवलं, तर मागे एक खोका निघाला. वर तिच्या अक्षरात, "हॅटी आणि मी". आत सहा पुस्तकं, प्रत्येकाच्या दोन प्रती. साहित्याच्या वर्गाची वर्षभराची यादी. पावतीवरची तारीख माझ्या सहीच्या पाच दिवस आधीची. तिला घराबाहेर पडणं झेपत नव्हतं, हॅटी. उरलेलं वर्ष तिनं तुझ्याबरोबर तुझ्या वर्गात काढायचं ठरवलं होतं. एका संचात समासात तिच्या खुणा आहेत, दुसरा कोरा. म्हणजे सही झाल्यावरही ती एकटीच वाचत राहिली. तुझे आठवड्याला दोन-दोन निबंध असायचे, त्यात तुला हाक मारायला नको म्हणून असेल. तुला हे ठाऊक होतं का, ते विचारायचं मला धाडस नाही. मला तरी तिनं सांगायचं होतं, असं आधी वाटलं. पण सांगायला मी जागा ठेवली होती कुठे?

तेव्हापासून रोज कामावरून आलो की वाचतो. तिनं जिथे रेघ मारली तिथे थांबतो, का मारली असेल याचा विचार करतो. तिसऱ्या पुस्तकात, पान एकशे त्रेचाळीस, खालून चौथ्या ओळीशी तिची शेवटची खूण आहे. गेले सहा आठवडे मी तिथेच आहे. मला कुणी शिकवायला लागत नाही, असं जन्मभर सांगत आलो, आता लागतंय. कोरा संच आज टपालानं तुझ्याकडे पाठवला आहे, तिसऱ्या पुस्तकाच्या एकशे त्रेचाळिसाव्या पानात कागदाची पट्टी घातली आहे. तिथून पुढे वाचून खुणा करशील? आणि झालं की पुस्तक मला पाठवशील? पेन्सिलीनंच कर. मी एकही खोडणार नाही.

तुझाच,
डॅड