नळीवरचा मेंढा

डनेडिन,
गुरुवार, १८ ऑगस्ट १९९४

प्रिय लॉकी,

तू आणि नोलीन बरे असाल. इथे आठवडाभर बोचरा वारा आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण चर्चच्या बायकांसाठी चीज रोल वळणं काही थांबत नाही. फ्रीजरमध्ये आता बर्फालाही जागा नाही. तुझ्या नावाचा एक डबा तिने वेगळा ठेवलाय, मला हात लावू देत नाही.

वरच्या कुरणाचं कुंपण झालं का? नोलीन फोनवर म्हणाली, तू हल्ली दुपारचा झोपतोस. तू आणि दुपारची झोप! मी हसले. मग ती म्हणाली, तुझ्या कमरेच्या पट्ट्याला आणखी आत नवीन भोकं पाडावी लागली. त्यावर मी हवापाण्याचं काहीतरी बोलून फोन ठेवला. खरं तर मी फोन केला होता तो दुसरंच सांगायला.

प्रयोगशाळेत महिनाभर आमची नुसती चिडचिड चालली आहे. तू नेहमी विचारतोस ना, दिवसभर त्या सूक्ष्मदर्शकात काय बघतेस म्हणून? तर पेशीच्या पोटात केंद्रक असतं आणि त्यात एक बारीक ठिपका. आमचं प्रथिन त्या ठिपक्यात राहतं. पेशी निवांत असली तर ते जवळजवळ दिसत नाही. तिने वाढायचं, दुभंगायचं ठरवलं की ठिपका भरून येतो आणि आमच्या रंगाने हिरवा चमकतो. निरोगी रक्तातल्या पेशी चरून बसलेल्या मेंढ्यांसारख्या असतात, कुणाला कसली घाई नसते. कॅन्सरच्या पेशी बसतच नाहीत.

रुग्णांच्या रक्ताशेजारी निरोगी रक्त ठेवून पाहावं लागतं. ते आणायचं कुठून? आमच्याकडची रीत तुला ठाऊक आहे: जो कुणी भेटायला येईल, त्याची बाही वर करायची. नळीवर नाव घालायचं नाही, ज्याने त्याने एक चित्र काढायचं. बक्षीस म्हणून खालच्या उपाहारगृहात चहा.

तर या वेळी एक निरोगी नळी चमकली. इतकी चमकली, की आम्ही सगळे रंगावरच घसरलो. रंग पाठवणाऱ्या कंपनीला मी चार खरमरीत ओळी लिहिल्या. नवा रंग मागवला, पुन्हा केलं, पुन्हा तेच. आमच्या धंद्यात निरोगी म्हणून ठेवलेल्या नळीवर कुणी शंका घेत नाही, तिच्यावरूनच तर बाकीच्यांचं माप काढायचं. शेवटी परवा माझे वरिष्ठ डॉक्टर टलक म्हणाले, "इशबेल, बाकीच्या नळ्या याच रंगात गप्प बसतात. मग खोटं कोण बोलतंय? रंग, की आपण लावलेली 'निरोगी' ही चिठ्ठी?"

त्याच रक्ताची साध्या रंगातली काच त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. मग खुर्ची माझ्याकडे सरकवली. पांढऱ्या पेशी, कोवळ्या, अर्धवट वाढलेल्या, खच्चून भरलेल्या. इतक्या कोवळ्या पेशींचं रक्तात काही काम नाही.

त्या नळीवर मेंढा काढलेला होता, लॉकी. बटाट्याला शिंगं फुटल्यासारखा.

जूनमध्ये आईच्या वाढदिवसाला आला होतास, तेव्हा बाही खाली करताना तूच म्हणालास, "यात माणसाचं रक्त निघालं तर कळव हां, नोलीनला पटत नाही." अख्खी खोली हसली होती.

नियम असा, की नळी कुणाची ते शोधायचं नाही आणि देणाऱ्याला काही सांगायचं नाही. टलकनी आठवण करून दिली. मी म्हटलं, शोधायला कशाला हवं, चित्र काढताना मी शेजारीच उभी होते. त्यांनी काच उतरवून ठेवली. मग म्हणाले, "मी हॉस्पिटलात शब्द टाकतो." सोमवारी सकाळी रक्ताच्या डॉक्टरांनी तुला बोलावलंय. ते नीट तपासतील, तोवर आजाराचं नाव घ्यायचं नाही, असं मी स्वतःला बजावते. पण मी या काचा वर्षानुवर्षं बघतेय. मला फार भीती वाटतेय.

तू काय म्हणशील तेही मला ठाऊक आहे. वीण तोंडावर आलीय, कोकरं होऊन जाऊ देत, मग बघू डॉक्टरचं. बाबा हेच म्हणाले होते. कोकरं झाली, आणि दरवर्षीसारख्या त्यांच्या शेपट्या कापायला आपण दोघंच उरलो. तू तेव्हा सबंध दिवस माझ्याशी बोलला नाहीस. या वेळी मला तो दिवस नको.

शनिवारी गाडी घेऊन येते. पत्र आधी पाठवतेय ते एवढ्यासाठी, की शिव्या घालायच्या त्या शुक्रवारी कुत्र्यापाशी घालून घे. नोलीनला हे वाचून दाखव, लपवू नकोस. सोमवारी ती तुला गाडीने इकडे आणेल. मेंढ्यांपाशी मी राहते. मेंढी विताना पाय अडकलेलं कोकरू ओढायला बाबांनी आधी मला शिकवलं होतं, तुला नंतर, हे विसरू नकोस. डबाही आणते.

कळव म्हणाला होतास, म्हणून कळवते. रक्त माणसाचंच निघालं. माझ्या भावाचं निघालं.

बॅग भरून ठेव.

तुझीच,
इश