नेमकी काल बुजवलेली भेग

ऑर्विल,

घराची किंमत फुगवून कर वाढवलाय, त्याविरुद्ध आज कौंटीच्या कर-कचेरीत सुनावणी आहे. तिकडे चालले. तू बरोबर येशील असं वाटलं होतं, असो, झोप.

स्वयंपाकघरातली भेग बुजव म्हणून सांगून सांगून माझी जीभ झिजली, तेव्हा हलला नाहीस. आणि नेमकी काल बुजवलीस! अरे बाबा, घर खराब आहे म्हणून तीच तर सुनावणीतल्या पंचांना दाखवायची होती.

आता भेग दिसणारा एकच फोटो आहे, फ्रिजवरचा. आपला क्लिंट घर सोडून गेला, त्याआधीच्या वाढदिवसाचा. तो केक कापतोय, मागे भेग. तोच नेलाय. मुलगा कुठे असतो विचारलं, तर काय सांगायचं ते वाटेत ठरवेन.

बीन्स गरम करून घे. फ्रिजवरच्या रिकाम्या जागी दुसरं काही लावू नकोस.

नेल्डा