गालिच्यावरचे निळे ठिपके

सोमवार, ४ ऑक्टोबर २००४

गालिचे धुण्याआधी मारायच्या प्री-स्प्रेचे चार डबे आले एकदाचे मुंबईहून! आल्या आल्या चारांवर पट्ट्या चिकटवल्या — ए, बी, सी, डी. नाहीतर गोरक्ष हाताला लागेल तो ओतणार. नवरा द्राक्षबागायतदाराचा मुलगा, त्याच्या लेखी प्री-स्प्रे म्हणजे फवारणीच. तो म्हणतोही तसंच. "फवारणी मारली का गं?" आणि वर, "ज्याला जोर जास्त तो वापर, विषय संपला."

विषय संपत नाही. मशीन फक्त सुटलेला मळ ओढून घेतं. मळ सोडवायचं काम आधीच्या स्प्रेचं. तो चुकला की वर कितीही मशीन फिरवा, गिऱ्हाईक दोन दिवसांनी फोन करतंच. तीन वर्षं आम्ही लोकर, नायलॉन, सोफा, सगळ्यांना एकच कडक पाणी मारत आलो. दिवाळीच्या आत तेरा घरं आहेत. यंदा अंदाजपंचे चालू द्यायचं नाही.

बी.एस्सी. केमिस्ट्री होऊन बारा वर्षं झाली. आत्ता कुठे उपयोग होतोय.

बुधवार, ६ ऑक्टोबर

दिवसभर गच्चीवर. हॉटेलवाल्याने फेकलेल्या कार्पेटचे तुकडे मांडले. प्रत्येकावर मिसळीची तर्री, चहा, दूध आणि अंगणातली माती. आमच्या कामावरच्या भागीबाई तर्री ओतताना हळहळत होत्या — "खायाची वस्तू वो वहिनी!"

ए — पीएच अकरा. तर्री सहा मिनिटांत सुटली. चहाचा डाग मात्र आणखी तपकिरी झाला.

बी — संत्र्याच्या सालीचा वास. तेलकटाला उत्तम. नीट धुतलं नाही तर चिकट राहतं, आणि चिकटावर धूळ दुप्पट बसते.

सी — एन्झाइमची पावडर. कोमट पाणी लागतं आणि वीस मिनिटांचा धीर लागतो. गोरक्षकडे दोन्ही नाही. त्याने उकळतं पाणी ओतलं. एन्झाइम जागीच गेले! दुपारी मी परत केलं, तेव्हा दुधाचा डाग गेला.

डी — अगदी सौम्य, पीएच साडेपाच. लोकरीसाठी. तर्रीवर जवळजवळ काहीच नाही. "हे तर देवळातलं तीर्थ," गोरक्ष म्हणाला. लोकरीचा तुकडा नव्हता, म्हणून डीला आज न्याय मिळाला नाही.

भागीबाई ब्रश धुता धुता म्हणाल्या, "म्हंजे डाग बघून दवा द्यायची. बागंत पन तसंच हे की." आमच्याकडे यायच्या आधी वीस वर्षं मखमलाबादच्या बागांतून औषधं कालवत होत्या. बाईला शाळा नाही, पण दिवसभराचं माझं म्हणणं एका वाक्यात आटोपलं. मला जरा रागच आला.

शनिवार, ९ ऑक्टोबर

हॉटेलचा हॉल. ए, तेलकट जागी बी. दहा मिनिटं थांबून मग मशीन. स्वच्छ! गोरक्ष मालकाला सांगत होता, "आमची मिसेस सायंटिस्ट आहे." नको तिथे बढाया.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

गंगापूर रोडला सगुणाबाईंकडे जाऊन आले. निवृत्त मुख्याध्यापिका, अजूनही समोर उभं राहिलं की हात मागे जातात. मिर्झापूरचा लोकरीचा गालिचा, क्रीम रंगाचा, कडेला मरून वेल. एकतीस तारखेला त्यांच्या नातीला, सायलीला, बघायला मंडळी येणार आहेत. "आहेत ते डाग राहिले तरी चालतील," म्हणाल्या, "नवा पडता कामा नये."

कोपऱ्यात चाचणी घेतली. ए लावून पांढरं फडकं दाबलं — फडक्यावर मरून रंग उतरला. डी लावून दाबलं — फडकं पांढरंच. सगुणाबाईंनी दोन्ही फडकी चष्मा लावून पाहिली आणि म्हणाल्या, "बरोबर." बारा वर्षांत मला कुणी बरोबर म्हणालं नव्हतं! घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.

एकोणीस तारीख ठरली.

रविवार, १७ ऑक्टोबर

नानांच्या बागेची छाटणी झाली. सासऱ्यांचं हे दरवर्षीचं — छाटणी झाली की घरातली झाडून सगळी माणसं बागेत. गोरक्ष पहाटेच गेला. मी गेले नाही. डीचं प्रमाण पक्कं केलं: दहा लिटरला चारशे मिली.

मंगळवार, १९ ऑक्टोबर

नऊ निळे ठिपके. रुपयाएवढे. क्रीम गालिच्यावर, बरोब्बर मधोमध.

क्रमाने लिहिते. गोरक्ष मशीन घेऊन मागून येणार होता. मी आणि भागीबाई पुढे गेलो. डी मोजून कालवलं मी. पाठीवरचा पंप भरून फवारलं भागीबाईंनी. दहा मिनिटं थांबायचं होतं. तेवढ्या वेळात मी सगुणाबाईंना लोकरीला सौम्यच का लागतं ते समजावत होते! सहाव्या मिनिटाला त्याच म्हणाल्या, "हे काय आहे?"

आधी फिकट हिरवट, मग निळे. मी ओल्या फडक्याने टिपलं, गेले नाहीत.

गोरक्ष आला तो दारातूनच ओरडला, "भागीबाई, काय कालवलं तुम्ही यात?" सगुणाबाईंसमोर. वर त्यांनाच सांगितलं, "आमच्या बाईने घोळ केला, आम्ही भरून देऊ." भागीबाई माझ्याकडे बघत होत्या. मी गालिच्याकडे बघत होते. मग त्यांनी ब्रश खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि गेल्या. गोरक्ष मागून म्हणाला, "उद्यापासून येऊ नका."

बुधवार, २० ऑक्टोबर

डब्यातलं डी ताजं कालवलं — रंग नाही. पंपाच्या तळाशी उरलेलं बशीत काढलं — किंचित निळसर. त्यात अमोनियाचे दोन थेंब. गर्द निळं झालं, शाईसारखं! तांबं. म्हणजे मोरचूद.

गोरक्षला विचारलं. आधी आठवेना. मग आठवलं. रविवारी नानांचा पंप गळत होता, छाटणीनंतरची मोरचूद-चुन्याची फवारणी तर थांबत नाही, म्हणून याने आमचा पंप दिला. "दोनदा खळबळून आणला ना!" दोनदा! मोरचूद-चुना वाळला की जाळीला आणि नळीला पापुद्रा धरतो, खळबळून जात नाही. बागायतदाराच्या मुलाला हे मी सांगायचं.

गंमत पुढे आहे. आमचं जुनं कडक, अल्कलीचं पाणी असतं तर हा पापुद्रा विरघळलाच नसता, जाळीत अडकून राहिला असता. डी आम्ल, म्हणून त्याने तो सोडवला आणि गालिच्यावर नेऊन टाकला. औषध योग्य निवडलं म्हणून डाग पडला! गोरक्षला हे सांगितलं तर म्हणतो, "बघ, मी म्हणत होतो ना, जोरवालं वापर."

चूक गोरक्षची. पंप दिला त्याने, सांगितलं नाही त्याने, भागीबाईंना घालवलं त्याने. स्पष्ट लिहून ठेवते.

गुरुवार, २१ ऑक्टोबर

लिंबूफूल, कोमट पाणी, पांढरं फडकं. आधी गोंड्यावर चाचणी, मग एकेक ठिपका. लावायचं, टिपायचं, परत लावायचं. घासायचं नाही. साडेचार तास गुडघ्यांवर. सहा पूर्ण गेले. तीन राहिले, पण ठाऊक असेल त्यालाच दिसतील इतके फिके.

सगुणाबाई म्हणाल्या, "मला ठाऊक आहे, त्यामुळे मला दिसणार. राहू दे. तिपाई ठेवू." मी त्यांना पंपाचं सांगितलं. पंप बागेत गेला होता, मिस्टरांच्या लक्षात राहिलं नाही.

"मग त्या बाईंना का बोललात?"

"गडबडीत झालं."

"त्या गेल्या तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत."

मी फडकी गोळा केली.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

दसरा. गोरक्षने मशीनची पूजा केली, पंपालाही झेंडूची माळ. दरवर्षी माळा भागीबाई ओवतात. यंदा बाजारातून आणल्या.

रविवार, २४ ऑक्टोबर

भागीबाईंच्या घरी गेले. दुपारची वेळ, हंगाम ऐन भरात, आणि त्या घरी बसून तांदूळ निवडत होत्या.

त्यांना कामच नाही. गोरक्षने नानांना एकोणीस तारखेच्या संध्याकाळीच फोनवर सांगितलं होतं, नानांनी पारावर. "भागी औषधात घोळ करती." दोन दिवसांत सगळ्या बागांत पसरलं. एक औषध चुकलं की वर्षाची बाग जाते. अशा बाईला पंपाजवळ कोण उभं करणार? वीस वर्षांत त्यांच्या हातून एक वेल करपली नाही, हे त्यांनी मला सांगितलं नाही. शेजारणीने सांगितलं, मुद्दाम मोठ्याने.

मी म्हटलं, "मी सगुणाबाईंना खरं सांगितलंय. पंप बागेत गेला होता, तुमची चूक नव्हती."

"आन् अजून काय सांगितलं?"

"अजून काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सूप बाजूला ठेवून उठल्या. "च्या घ्या वहिनी. उनाचं आल्या."

चहा घेतला. कामावर परत या म्हटलं. "आता नाय जमायचं," एवढंच म्हणाल्या. दारापर्यंत पोचवायला आल्या नाहीत. एरवी रस्त्यापर्यंत येतात.

मंगळवार, २६ ऑक्टोबर

गोरक्ष काल स्वतः भागीबाईंकडे जाऊन आला. आढ्यता असली तरी मनाने वाईट नाही. हात जोडून म्हणाला म्हणे, चुकलो, पंप मीच दिला होता. नानांनाही सांगितलं. नानांनी काल पारावर सगळ्यांसमोर कबूल केलं, "भागीचा दोष नाय, आमच्या पोराचा हे." एका बागेतून भागीबाईंना बोलावणंही आलं. कालवायला नाही, डहाळ्या उचलायला. पंपाचं काम अजून कोणी देत नाही. नानांचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं, तरी लोक दोष मालकाच्या पोराला नाही, कालवणाऱ्या हातालाच देतात.

आमच्याकडे मात्र यायचं नाही म्हणतात. गोरक्ष वैतागलाय. "माफी मागितली, पगार वाढवतो म्हटलं. आता काय हवंय तिला? म्हणते, वहिनीला इचारा!"

मी म्हटलं, मला काय माहीत.

बुधवार, २७ ऑक्टोबर

मला माहीत आहे.

एकोणीस तारखेला, फवारायच्या आधी, भागीबाईंनी पंपाची जाळी काढून माझ्यापुढे धरली होती. सगुणाबाई आत फोनवर होत्या. "वहिनी, मोरचूद लागलंय ह्याला. धुवून घिऊ का?" मी म्हणाले, "केमिकलमधलं मला कळतं भागीबाई. तुम्ही फवारा."

आठ दिवस मी हे इथेही लिहिलं नाही.